‘हँग अराउंड’ म्हणजे रेंगाळणं नव्हे

बेळगावच्या रामदेव गल्लीत दुकानाच्या पायरीवर टेकलेल्या पोरांना मालक विचारतो, “काय रेंगाळताय रे इथं?” इंग्रजीच्या तासाला ‘हँग अराउंड’चा अर्थही फळ्यावर तोच येतो: रेंगाळणे. गोंधळ इथूनच सुरू होतो.

रेंगाळायचं तर आधी कुठंतरी पोचायचं असावं लागतं. शाळा सुटल्यावर पोर वाटेत रेंगाळतं, कारण घर ठरलेलं आहे. सीमाप्रश्न ‘रेंगाळला’ असं आपण वर्षानुवर्षं वाचतो तेही बरोबरच. 1956 पासूनचं दुखणं, 2004 पासून सर्वोच्च न्यायालयात, पण जायचं कुठं ते पक्कं. घुटमळायला मनात ओढ नाहीतर भीती लागते. उसने मागायला आलेला माणूस दाराशी घुटमळतो. ‘हँग अराउंड’ला यातलं काहीच लागत नाही. पायरीवर पाय हलवत बसलेल्या त्या पोरांना कुठं जायचंच नाही, मग रेंगाळणार कशी? शेजारच्या कन्नडमधलं ‘अड्डाडू’ (भटकणं) जवळचं वाटतं, पण त्यात पाय चालावे लागतात.

‘हँग’ म्हणजे टांगणं, लोंबणं. जुन्या इंग्रजीत या दोन्हींना वेगवेगळी क्रियापदं होती, पुढं ती एकात मिसळली. म्हणून भिंतीवर चित्र टांगलं तर ‘हंग’ आणि माणूस फासावर दिला तर ‘हँग्ड’. ‘अराउंड’ची जोड अमेरिकेत रुळली, ब्रिटिश माणूस अजून ‘हँग अबाउट’ही म्हणतो. बेळगावच्या कॅम्पात राहून गेले इंग्रज, पोरांच्या तोंडी बसलं ते मात्र अमेरिकन रूप.

चुलतभाऊ ‘हँग आउट’चा मूळ अर्थ निराळा. 1836-37 मध्ये महिन्याला एक भाग छापलेल्या एका इंग्रजी कादंबरीत वैद्यकीचा विद्यार्थी नायकाला विचारतो, तुम्ही कुठं ‘हँग आउट’ करता? म्हणजे उतरलात कुठं? नायक गंभीरपणे सांगतो की सध्या अमुक खाणावळीत लटकलोय. दुकानाबाहेर पाटी टांगण्याच्या चालीवरून हा अर्थ आला असं सांगतात. पाट्यांवरून काहीही निघू शकतं, हे आम्हा बेळगावकरांना पटवावं लागत नाही.

आता ‘हँग आउट’नं ‘हँग अराउंड’ची बरीच जागा खाल्ली आहे. 2013 साली एका बड्या कंपनीनं आपल्या गप्पांच्या सेवेला तेच नाव दिलं. 2022 मध्ये सेवा बंद पडली. टिळकवाडीतली कॉलेजची पोरं अजून “संध्याकाळी हँग आउट करूया” म्हणतात, आणि ‘हँग’ नुसतं आलं की ते मोबाइलबद्दल असतं.