टोपी गळकी, पिस्तूल जायबंदी

स्पर्धेच्या पिस्तुलाची स्लाइड, म्हणजे वरचा मागेपुढे सरकणारा भाग, काढून काडतुसाचं बूड जिथे टेकतं त्या आतल्या तोंडावर टॉर्च मारली, की फायरिंग पिनच्या, म्हणजे काडतुसाला ठोका देणाऱ्या खिळीच्या, भोकाभोवती कधी कधी बारीक खड्ड्यांचं एक कडं दिसतं. बाकीचं पोलाद आरशासारखं आणि मध्येच ही देवी आल्यासारखी खूण. नेमबाजाचा पहिला संशय पोलादावर जातो. माल कच्चा निघाला, असं म्हणून तो पिस्तूल बनवणाऱ्याच्या नावाने बोटं मोडतो. पण त्या कड्याचा व्यास मोजला तर तो साधारण साडेचार मिलिमीटर भरतो, आणि पिस्तुलाच्या काडतुसाच्या बुडाशी बसवलेल्या लहान प्राइमरचा, म्हणजे दारू पेटवणाऱ्या टोपीचा, व्यासही ४.४५ मिलिमीटरच असतो. म्हणजे पोलाद खाल्लं गेलं ते बरोबर प्राइमरच्या काठावर.

खानदेशाला काडतूस परकं नाही. भुसावळ तालुक्यात वरणगावला १९६४ पासून आयुध निर्माणी आहे आणि तिथे सैन्यासाठी काडतुसं बनतात. तरीही काडतूस म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे गोळी येते, फार तर दारू आणि पितळी पुंगळी. बुडातली ती चकती कुणाच्या ध्यानात राहत नाही. ठासणीच्या बंदुकीत नळीला वेगळी टोपी चढवावी लागे. आता तीच टोपी पुंगळीच्या बुडात दाबून बसवलेली असते. आत साधारण वीस मिलिग्रॅम मिश्रण असतं: लेड स्टिफ्नेट, बेरियम नायट्रेट, अँटिमनी सल्फाइड आणि किंचित टेट्राझीन. मिश्रणाला टेकून एक चिमुकली ऐरण. बाहेरून पिनचा ठोका बसला की मिश्रण टोपी आणि ऐरणीत चिरडतं, पेटतं, आणि बारीक भोकातून ज्वाळा दारूपर्यंत पोचते.

या टोपीने बंदूक बिघडवण्याचा इतिहासही जुनाच आहे. ठोक्याने बार पेटवण्याचं पेटंट अलेक्झांडर फोरसाइथ या स्कॉटिश धर्मोपदेशकाने १८०७ मध्ये घेतलं. पुढे टोप्यांत मर्क्युरी फल्मिनेट आलं. त्यातला पारा पितळात मुरून पुंगळी ठिसूळ करायचा. मग पोटॅशियम क्लोरेट आलं. ते जळून नळीत मिठासारखा क्षार उरायचा, तो हवेतलं पाणी ओढायचा आणि नळी गंजायची. शिपाई गोळीबारानंतर नळीत गरम पाणी ओतत, ते याच क्षारासाठी. लेड स्टिफ्नेट आल्यावर हे दोन्ही त्रास गेले. आज जे बिघडतं ते रसायनामुळे कमी आणि ते ज्यात भरतात त्या पितळाच्या कपामुळे जास्त.

कारण टोपीला ठिणगीखेरीज आणखी एक काम आहे, आणि ते जास्त कठीण आहे. बार उडाल्यावर पुंगळीचं बूड बंद ठेवणारं बूचही तीच असते. ९ मिलिमीटर पॅराबेलम काडतुसात दाब २,३५० बारपर्यंत जाऊ शकतो, म्हणजे वातावरणाच्या दोन हजार पटींहून अधिक. टोपीचं क्षेत्रफळ चौरस सेंटिमीटरच्या सहाव्या हिश्शाएवढं. गुणाकार केला तर तिच्यावर मागच्या बाजूला जवळपास पावणेचारशे किलोचा रेटा येतो, आणि तो झेलायचा अर्ध्या मिलिमीटरहून पातळ पितळाने. स्लाइडचं तोंड मागून टेकू देतं म्हणूनच ते जमतं.

आता समजा कप दाबून घडवताना त्याच्या कोपऱ्यात केसाएवढी चीर राहिली. किंवा कप मापाला किंचित लहान निघाला आणि पुंगळीच्या बुडातल्या खाचेत घट्ट बसला नाही. दोन हजार अंशांच्या वरचा वायू त्या फटीतून सुटतो आणि समोरच्या पोलादावर आदळतो. ठिबकच्या मेन लाइनचा सांधा सैल झाला की पाण्याची चिळकांडी समोरची माती कोरते, तसं. फरक एवढाच की इथे सगळं मिलिसेकंदात उरकतं. पोलाद वितळतं १,५०० अंशांच्या आसपास. एका बाराने त्याचा पृष्ठभाग जरासा झडतो, इतकंच. पण पुढची टोपी त्या झडलेल्या जागेवरच टेकते. तिथे तिला पूर्ण आधार नसतो, पितळ खड्ड्यात शिरतं, आणि निर्दोष टोपीही गळू लागते. पिनने टोपी आरपार टोचली तर वायू मधोमध सुटतो. मग पिनचं टोक खरवडतं, त्याला धार येते आणि ती पुढच्या टोप्या आणखी सहज टोचते. मला या सगळ्या प्रकारात हेच सर्वांत वाईट वाटतं: दोषी लॉट, म्हणजे एका खेपेत बनलेला माल, संपला तरी पिस्तूल तो दोष पुढे चालवत राहतं.

सैन्याच्या काडतुसांची टोपी सहसा कडक असते. खाचेची कड तिच्यावर दाबून ती पक्की करतात, भोवती लाखेचं रोगण लावून ओल अडवतात. हत्यारात स्प्रिंगही दणकट. स्पर्धेच्या पिस्तुलात सगळं उलट. ट्रिगर हलका हवा म्हणून स्प्रिंग हलकी करतात. मग ठोका हलका पडतो आणि त्या ठोक्याने पेटायला टोपी मऊ लागते. त्यात परदेशी प्रॅक्टिकल शूटिंगच्या ओपन गटात 'मेजर', म्हणजे जोरदार गोळीला मिळणारे जास्तीचे, गुण हवे असतील तर ग्रेन या लहान एककातलं गोळीचं वजन गुणिले फूट प्रति सेकंदातला वेग, भागिले हजार, हा आकडा किमान १६० लागतो. १२४ ग्रेनच्या गोळीला त्यासाठी सेकंदाला १,२९१ फूट वेग हवा. नेहमीची गोळी ११०० ते ११५० फुटांवर भागवते. वेग वाढवला की दाब चढतो आणि मऊ टोपीची सहनशक्ती संपते. म्हणून तिथले बरेच जण पिस्तुलाच्या काडतुसात जाड कपाची, रायफलची लहान टोपी वापरतात.

आपल्याकडे चित्र थोडं वेगळं आहे. ९ मिलिमीटर सामान्य परवानाधारकासाठी निषिद्ध बोअरमध्ये, म्हणजे बंदी असलेल्या नळीच्या मापात, मोडतं आणि काडतुसं बनवायला शस्त्र अधिनियम १९५९ खाली परवाना लागतो. जळगाव-धुळ्याचं पोर १० मीटर एअर पिस्तुलापासून सुरुवात करतं; तिथे टोपीच नाही. पॉइंट टू टू (.२२) काडतुसात मिश्रण पुंगळीच्या कडेतच भरलेलं असतं, वेगळी टोपी नसते. .३२ वॅडकटर या चपट्या नाकाच्या गोळीच्या काडतुसाचा दाब ९ मिलिमीटरच्या निम्म्याहूनही कमी, त्यामुळे तिथे हा त्रास सौम्य.

कारखान्यात हे पकडत का नाहीत? टोपीची संवेदनक्षमता तपासायला पोलादी गोळा वेगवेगळ्या उंचीवरून तिच्यावर पाडतात. पण तपासलेली टोपी तपासणीतच संपते, म्हणून नमुन्यावर भागवावं लागतं. हजारात एक टोपी सदोष असेल आणि शंभर तपासल्या, तर एकही सदोष न सापडण्याची शक्यता नव्वद टक्के. तोच लॉट घेऊन वर्षाला दहा हजार राउंड, म्हणजे काडतुसं, मारणाऱ्याच्या वाट्याला मात्र दहाएक गळक्या टोप्या येतात.

सुदैवाने पुरावा पायाशी पडलेला असतो. रिकाम्या पुंगळ्या उचलून बूड पाहावं. टोपीच्या काठाभोवती काजळीचं वर्तुळ म्हणजे काठ गळतोय. मधोमध भोक म्हणजे पिनने टोचलंय. ब्रँड तोच, पण काजळी एकाच लॉटच्या पुंगळ्यांवर असेल तर पिस्तुलाला दोष देण्यात अर्थ नाही. सगळ्याच लॉटवर असेल तर आधी पिन आणि तिचं भोक तपासून घ्यावं, कारण भोक मोठं झालं तर पितळ त्यात फुगून शिरतं. खड्डे उथळ असतील तर तोंड जपून घासून घेतात. खोल गेले तर वेल्डिंग करून पुन्हा मशिनिंग किंवा थेट नवी स्लाइड, आणि ती स्वस्तात होत नाही. म्हणून काडतुसं डब्यात ओतताना दोन लॉट एकत्र करू नयेत आणि लॉट नंबरचा पुठ्ठा शेवटचा राउंड संपेपर्यंत फेकू नये. तक्रार करायची झाली तर विक्रेता पहिल्यांदा तोच नंबर मागतो.