लेकरांच्या हातावरचे पैसे

मराठवाड्यात पाहुणा निघताना घरातल्या लेकरांच्या हातावर दहा-वीस रुपये ठेवतो. यजमान ‘कशाला, कशाला’ म्हणत राहतात आणि लेकरू मूठ घट्ट मिटून घेते. स्कॉटलंडच्या फुटबॉल संघाचे पाठीराखे परदेशात जवळजवळ हेच करतात. ‘टार्टन आर्मी’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या मंडळींनी २००३ मध्ये ‘सनशाइन अपील’ हा उपक्रम सुरू केला आणि तेव्हापासून आपला संघ ज्या देशात खेळायला जातो, तिथे मुलांसाठी काम करणाऱ्या एखाद्या संस्थेला ते देणगी देतात. ज्यांच्या संघाविरुद्ध नव्वद मिनिटे घसा फोडायचा, त्यांच्याच मुलांसाठी खिशात हात कसा जातो?

मार्क लेव्हिन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्लंडमधील लँकेस्टर विद्यापीठात केलेले आणि २००५ मध्ये प्रसिद्ध झालेले दोन प्रयोग या प्रश्नावर प्रकाश टाकतात. मँचेस्टर युनायटेड या फुटबॉल संघाच्या चाहत्या विद्यार्थ्यांकडून आधी त्या संघावरील प्रेमाविषयी लिहून घेतले गेले आणि मग दुसऱ्या इमारतीकडे जाताना त्यांच्यासमोर धावणारा एक तरुण घसरून पडला व घोटा धरून विव्हळू लागला; अर्थात, हे नाटक होते. त्याच्या अंगात युनायटेडचा शर्ट असताना १३ पैकी १२ जण मदतीला थांबले, कट्टर प्रतिस्पर्धी लिव्हरपूलचा शर्ट असताना १० पैकी ३ आणि साधा शर्ट असताना १२ पैकी ४. दुसऱ्या प्रयोगात मात्र विद्यार्थ्यांना एका संघाचे नव्हे, तर फुटबॉलचे चाहते म्हणून स्वतःविषयी लिहायला सांगितले होते. एवढ्याशा बदलाने लिव्हरपूलवाल्याच्या मदतीला १० पैकी ७ जण गेले. साध्या शर्टवाल्याच्या वाट्याला ९ पैकी २ आले. माणसे मोजकी होती, हे खरे. तरीही ‘आपला कोण’ ही रेघ किती सहज सरकते आणि सरकली तरी कुणीतरी तिच्याबाहेर राहतोच, हे मला त्यातले मोलाचे निरीक्षण वाटते.

पाठीराख्यांची मदत जिथे पोहोचते ती मुले तर फुटबॉलची चाहतीही असतील असे नाही. पण ती समोर दिसणाऱ्या गावातली असतात आणि त्याने फरक पडतो. डेबोरा स्मॉल, जॉर्ज लोवेन्स्टाइन आणि पॉल स्लोव्हिक यांच्या २००७ मधील अभ्यासात, हाती आलेल्या ५ डॉलरपैकी लोकांनी मालीतील ७ वर्षांच्या एका मुलीसाठी सरासरी २.३८ डॉलर दिले, तर आफ्रिकेतील लाखो भुकेलेल्यांचे आकडे वाचून केवळ १.१४. मुलीच्या गोष्टीला आकड्यांची जोड दिली, तेव्हा देणगी वाढायच्या ऐवजी १.४३ वर घसरली.

किल्लारीच्या १९९३ च्या भूकंपातील मृतांचा आकडा आमच्याकडे प्रत्येक जण वेगळा सांगतो. चार दिवसांहून अधिक काळ ढिगाऱ्याखाली राहून जिवंत निघालेली दीड वर्षाची मुलगी मात्र सगळ्यांना आठवते.