ग्रामसभेत ठराव मांडायचा आहे? निधी, महिलांच्या जागा आणि सरपंचपद यांसाठी कोणता कागद कुठे द्यायचा

गोव्यात, आमच्या बार्देश तालुक्यातल्या गावात व्हाळाच्या (ओढ्याच्या) संरक्षक भिंतीवरून ग्रामसभेत अर्धा तास बोलणं झालं होतं. पावसात घरांत पाणी शिरतं हे चार-पाच जणांनी उभं राहून सांगितलं, मंचावरच्यांनी माना डोलावल्या. पुढच्या सभेत मागचं इतिवृत्त वाचलं, तेव्हा त्यात एवढंच होतं: ‘व्हाळाच्या विषयावर चर्चा झाली.’ कोण बोललं, काय मागितलं, पंचायतीने काय कबूल केलं, यातलं काही नाही. तेव्हापासून मी ग्रामसभेला हातात कागद घेऊनच जातो, आणि तुम्हीही तसंच जावं म्हणून हे लिहितो आहे.

आधी हक्क कोणाचा ते पाहू. गोवा पंचायत राज कायदा, १९९४ नुसार पंचायत क्षेत्राच्या मतदार यादीत ज्याचं नाव आहे तो ग्रामसभेचा सदस्य. गावात वडिलोपार्जित घर आहे पण नाव दुसरीकडे आहे, तर सदस्यत्व नाही. भाड्याच्या खोलीत राहणाऱ्याचं नाव यादीत आहे, तर त्याला पूर्ण हक्क आहे. याचा सगळ्यात मोठा फटका लग्न होऊन गावात आलेल्या सुनांना बसतो. दहा-दहा वर्षं सासरी राहूनही कित्येकींचं नाव माहेरच्या यादीतच असतं, आणि मग त्यांना ना वाड्यावरच्या नळाबद्दल ठराव मांडता येतो, ना पंच (पंचायतीचा सदस्य) म्हणून उभं राहता येतं. नाव सासरच्या यादीत आणण्यासाठी मतदार नोंदणीचा नमुना ८ हा अर्ज भरायचा. सोबत राहत्या पत्त्याचा पुरावा लागतो: आधार कार्ड, पासबुक किंवा वीज-पाण्याचं बिल. अर्ज ऑनलाइन करता येतो किंवा बूथस्तरीय अधिकाऱ्याकडे देता येतो. पहिल्यांदाच नाव घालायचं असेल तर नमुना ६. वयाची १८ वर्षं मोजण्यासाठी आता १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर अशा चार तारखा आहेत. घरात कोणी नुकतंच अठरा पूर्ण केलं असेल तर वर्षभर थांबायची गरज नाही.

साधारण ग्रामसभा दर तिमाहीला होते. २६ जानेवारी, १५ ऑगस्ट, २ ऑक्टोबर आणि १९ डिसेंबर या दिवसांच्या आसपास विशेष सभा असतात. नोटीस पंचायतीच्या फलकावर लागते. ती वाचून घ्या, कारण विषय तिच्यातच लिहिलेले असतात.

ठरावाचा अर्ज साध्या कागदावर चालतो. सरपंच आणि सचिव यांच्या नावे लिहा. वर विषय, खाली आपलं नाव, पत्ता, मतदार ओळखपत्राचा क्रमांक, आणि ठराव मांडणारा व अनुमोदक या दोघांच्या सह्या. मजकूर असा लिहा की सचिवाला तो तसाच वहीत उतरवता येईल. ‘रस्त्याचं बघावं’ असं लिहून काही होत नाही. ‘अमुक वाड्यावरील देवळापासून शाळेपर्यंतच्या गटाराचं काम येत्या आर्थिक वर्षाच्या अंदाजपत्रकात घ्यावं आणि अंदाजित खर्च पुढच्या ग्रामसभेत ठेवावा’ असं लिहिलं की टाळाटाळीला जागा उरत नाही. दोन प्रती करा. एक पंचायतीत द्या, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. पोच घेतल्याशिवाय कार्यालयातून निघू नका. आणि अर्ज मराठीतून द्यायला अजिबात बिचकू नका: १९८७ च्या राजभाषा कायद्याने कोकणी राजभाषा झाली, पण शासकीय कामात मराठी वापरण्याची तरतूदही त्याच कायद्यात आहे.

निधीचा विषय काढायचा तर जानेवारीची सभा चुकवू नका, कारण अंदाजपत्रक एप्रिलपासूनचं असतं. जमाखर्च, लेखापरीक्षणाचे शेरे आणि येत्या वर्षाचं अंदाजपत्रक हे ग्रामसभेपुढे यायचेच विषय आहेत. पंचायतीचं स्वतःचं उत्पन्न घरपट्टी, व्यापार परवाने, बांधकाम परवान्यांची फी, बाजाराचा सोपो (बाजारात बसणाऱ्या विक्रेत्यांकडून घेतली जाणारी फी) यांतून येतं. त्यावर सरकारी अनुदान आणि वित्त आयोगाचे पैसे. १५ व्या वित्त आयोगाने २०२१-२२ ते २०२५-२६ या काळासाठी ६० टक्के रक्कम बांधील ठेवली: निम्मी स्वच्छतेसाठी, निम्मी पिण्याचं पाणी आणि पावसाचं पाणी साठवण्यासाठी. उरलेले ४० टक्के स्थानिक गरजेनुसार, मात्र पगार आणि कार्यालयीन खर्चासाठी नाहीत. त्यामुळे ‘निधी नाही’ असं उत्तर आलं की लगेच विचारा, कोणता निधी नाही? विहिरीचं काम असेल तर बांधील रकमेतलं किती शिल्लक आहे? ई-ग्रामस्वराज या संकेतस्थळावर आपल्या पंचायतीचा आराखडा आणि खर्च दिसतो. त्याची छापील प्रत घेऊन सभेत बसलं की बोलण्याला वजन येतं.

आता महिलांच्या जागा. घटनेच्या कलम २४३ ड प्रमाणे पंचायतीतल्या किमान एक तृतीयांश जागा आणि तेवढीच सरपंचपदंही महिलांसाठी राखीव आहेत. उमेदवाराचं वय २१ पूर्ण हवं. आरक्षित प्रभागातून जातीच्या राखीव जागेवर उभं राहायचं तर जातीचा दाखला वेळेत काढून ठेवा, घरपट्टीची थकबाकी फेडून पावती जपा. एक गैरसमज मी दर निवडणुकीत ऐकतो की बाईने राखीव प्रभागातूनच उभं राहायचं. तसं काहीही नाही. खुल्या प्रभागातून ती हक्काने लढू शकते.

आरक्षणाचा आदेश चुकला तर कोर्ट तो रद्द करतं, हे गोव्यातच घडलं आहे. मार्च २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने मुरगाव, मडगाव, म्हापसा, केपे आणि सांगे या पाच पालिकांच्या प्रभाग आरक्षणाचा आदेश रद्द केला. महिलांना एक तृतीयांश जागा मिळत नव्हत्या, हे त्यातलं एक ठळक कारण. १२ मार्चला सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला, आणि कायदा सचिवांकडेच राज्य निवडणूक आयुक्तपदाचा अतिरिक्त कार्यभार देण्यालाही चूक ठरवलं: सरकारी नोकरीत असलेल्या माणसाला हे पद देता येणार नाही. तेव्हा प्रभाग आरक्षणाची अधिसूचना निघाली की ती जपून वाचा, प्रभाग मोजा, आणि हरकत लेखी द्या.

सरपंच थेट लोक निवडत नाहीत. पंच आपल्यातून निवडतात, आणि एकूण पंचांच्या बहुमताने अविश्वास ठरावही आणतात. ग्रामस्थाला त्यात मत नाही. पण ग्रामसभेतून ज्या समित्या बनतात तिथे आपला आवाज चालतो. जंगलजमिनीवरच्या हक्काचे दावे तपासणारी वनहक्क समिती हे मोठं उदाहरण. काणकोण, केपे, सांगे, सत्तरीत ती फार महत्त्वाची आहे. १० ते १५ सदस्य ग्रामसभेने निवडायचे, त्यांत किमान दोन तृतीयांश अनुसूचित जमातीचे आणि किमान एक तृतीयांश महिला. २००३ पासून गावडा, कुणबी आणि वेळीप हे समाज गोव्यात अनुसूचित जमातींच्या यादीत आहेत. वनहक्काच्या ग्रामसभेला निम्मे सदस्य हजर लागतात आणि हजर असलेल्यांत एक तृतीयांश महिला. हजेरीपटावर सही करताना हा आकडा मोजून घ्या.

सरपंच बाई असेल आणि उत्तरं तिचा घरकार (नवरा) देत असेल, तर मी प्रश्न पुन्हा बाईंनाच विचारतो. पहिल्यांदा त्या खाली बघत होत्या. तिसऱ्या सभेत त्यांनी स्वतः फाइल उघडून बिलाचा आकडा वाचला, आणि तो इतिवृत्तात त्यांच्या नावावर गेला.

पुढच्या सभेत इतिवृत्त कायम होण्याआधी आपला ठराव शब्दशः आहे का ते ऐका. नसेल तर तिथेच दुरुस्ती मागा, पोच पावती दाखवा. प्रत मिळत नसेल तर माहिती अधिकाराखाली सचिवाकडे १० रुपये शुल्क भरून अर्ज करा. उत्तरासाठी ३० दिवस असतात. नाहीच आलं तर पहिलं अपील गटविकास अधिकाऱ्याकडे, पुढच्या ३० दिवसांत. त्या अपिलालाही आवक क्रमांक घ्यायचाच.