युरोपची हरवलेली सहा मिनिटं

मार्च २०१८ मध्ये युरोपातल्या पंचवीस देशांत ओव्हनवरची आणि अलार्मची घड्याळं जवळपास सहा मिनिटं मागे पडली. सेल बदलण्याचा प्रश्नच नव्हता, कारण ती थेट घरातल्या विजेवर चालणारी होती. मूळ होतं सर्बिया आणि कोसोवोच्या भांडणात.

अशी घड्याळं विजेची आवर्तनं, म्हणजे तिच्या दिशेची उलटसुलट आंदोलनं, मोजतात. पन्नास झाली की एक सेकंद. पोर्तुगालपासून तुर्कस्तानपर्यंतची जनित्रं एकाच ग्रिडला, म्हणजे वीजवाहिन्यांच्या जाळ्याला, जोडलेली असल्याने एकाच तालात फिरतात. ग्रिड म्हणजे विजेची टाकी, असा समज सर्रास आढळतो. पण तारांमध्ये वीज साठून राहत नाही. मग मागणी अचानक वाढली तर त्या क्षणीची जादा ऊर्जा येते कुठून? जनित्रांतल्या फिरणाऱ्या अवजड भागाच्या, म्हणजे रोटरच्या, गतिज ऊर्जेतून. घाट लागला की बैलांची चाल मंदावते, तशी सगळ्या जनित्रांची गती किंचित उतरते आणि वारंवारता, म्हणजे दर सेकंदाची आवर्तनं, ५० हर्ट्झच्या खाली येते. ते जाणवताच ठिकठिकाणचे गव्हर्नर, म्हणजे वेग सांभाळणारी उपकरणं, टर्बाइनच्या झडपा उघडतात. घसरण थांबते, पण वारंवारता मूळ जागी परतत नाही, जरा खालीच स्थिरावते. तिला वर आणायचं काम ज्याच्या विभागात तूट आहे त्याचं. हा सगळा कारभार या शिस्तीवर उभा आहे, आणि मला यातलं सर्वांत सुंदर तेच वाटतं.

कोसोवोने २००८ मध्ये स्वातंत्र्य जाहीर केलं. सर्बियाला ते मान्य नाही. ग्रिडच्या हिशेबात मात्र कोसोवो तेव्हाही सर्बियाच्याच नियंत्रण विभागात, म्हणजे मागणी-पुरवठ्याचा मेळ राखायच्या हद्दीत, होता. तिथे निर्मितीपेक्षा वापर जास्त झाला आणि सर्बियाने ती तूट भरली नाही. एकूण तूट ११३ गिगावॅट-तासांची, म्हणजे ११ कोटी ३० लाख युनिट. सरासरी वारंवारता ४९.९९६ हर्ट्झवर आली. ०.००४ ला ५० ने भागा, दिवसाच्या ८६,४०० सेकंदांनी गुणा: घड्याळ रोज सुमारे सात सेकंद मागे. जानेवारीच्या मध्यापासून पन्नासेक दिवसांत झाली सहा मिनिटं.

आपल्याकडे ५ एप्रिल २०२० ला रात्री नऊ मिनिटं दिवे मालवले गेले, तेव्हा त्याने विषाणू मरतो असे संदेश फिरले. ते शुद्ध थोतांड होतं. त्या रात्रीचं खरं विज्ञान भार प्रेषण केंद्रांत, म्हणजे विजेची मागणी आणि पुरवठा जुळवणाऱ्या कक्षांत, चाललं होतं. मागणी सुमारे ३१ गिगावॅटने कोसळली आणि अभियंत्यांनी जलविद्युत कमी-जास्त करत ताल सांभाळला.

एस्टोनिया, लॅटव्हिया आणि लिथुएनिया २००४ मध्येच युरोपीय संघात आणि नाटोत गेले, पण त्यांच्या विजेचा ताल पुढेही मॉस्कोहून राखला जायचा. तो धागा त्यांनी ८ फेब्रुवारी २०२५ ला तोडला, एक दिवस स्वतःच्या बळावर काढला आणि ९ तारखेला पोलंडमार्गे युरोपशी जोडून घेतलं. त्यासाठी त्यांनी सिंक्रोनस कंडेन्सर उभारले होते. ही अवजड यंत्रं इंधन जाळून वीज बनवत नाहीत, नुसती फिरत राहतात. धक्का बसला की त्यांची गतिज ऊर्जा कामी येते.

दक्षिण भारताचं ग्रिड उर्वरित देशाच्या तालात आलं ते ३१ डिसेंबर २०१३ ला, रायचूर-सोलापूर ७६५ केव्ही वाहिनीने. नेपाळ आणि भूतानही याच तालात आहेत. बांगलादेशातल्या भेडामारा इथल्या केंद्रात मात्र आपली वीज आधी एकदिश (डीसी) केली जाते. पलीकडे ती पुन्हा प्रत्यावर्ती (एसी) होते, त्यांच्या स्वतःच्या ठेक्यावर.