स्त्री तपासी अंमलदार (कादंबरीतील)

गुन्ह्याच्या तपासाची सूत्रे पोलीस दलातील स्त्रीच्या हाती असलेल्या रहस्यकादंबरीतील प्रमुख पात्र. हौशी किंवा खासगी स्त्री-गुप्तहेराहून ते वेगळे धरावे लागते. कारण येथे नायिकेच्या बुद्धीइतकेच तिचे अधिकार, वरिष्ठांचे आदेश आणि कायद्याची कलमे कथानक घडवतात.

या पात्राचा उगम सामान्यतः लंडनमध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन पुस्तकांपर्यंत नेला जातो. ‘द फीमेल डिटेक्टिव्ह’ हे जेम्स रेडिंग वेअर यांनी अँड्र्यू फॉरेस्टर या टोपणनावाने लिहिले. ‘रेव्हलेशन्स ऑफ अ लेडी डिटेक्टिव्ह’ निनावी असून विल्यम स्टीफन्स हेवर्ड यांच्या नावे सांगितले जाते. दुसऱ्या पुस्तकाचे वर्ष काही जुन्या संदर्भग्रंथांत १८६१ असे आढळते व त्यावरून त्यातील मिसेस पाश्चल हिला पहिलेपणाचा मान दिला जाई. पुढील अभ्यासकांनी दोन्ही पुस्तके १८६४ मधील ठरवून फॉरेस्टर यांचे पुस्तक काही महिने आधीचे मानले; हे मत अधिक ग्राह्य वाटते. मात्र दोन्ही कथासंग्रह आहेत, कादंबऱ्या नव्हेत. लंडनच्या पोलीस दलात स्त्रियांची गस्त १९१९ च्या सुमारास सुरू झाली, म्हणजे कल्पना वास्तवाच्या अर्धशतकाहून अधिक पुढे होती.

भारतात त्रावणकोर संस्थानात १९३३ मध्ये स्त्रियांची पोलिसांत भरती झाली, १९७२ मध्ये किरण बेदी भारतीय पोलीस सेवेत आल्या आणि १९७३ मध्ये कोळिकोड येथे महिला पोलीस ठाणे उघडले. मराठीत रहस्यकथेची लोकप्रिय घडी बाबूराव अर्णाळकरांच्या झुंजार, काळापहाड अशा पुरुष नायकांनी बसवली. आज पहिलीच कादंबरी लिहिणाऱ्या मराठी लेखिकेला मात्र वर्दीतील स्त्री कल्पावी लागत नाही. ती तालुक्याच्या ठाण्यात प्रत्यक्ष भेटते.

मराठवाड्यात या पात्राला विशेष वाव आहे. विहिरीत सापडलेल्या विवाहितेची नोंद प्रथम बहुधा ‘अकस्मात मृत्यू’ अशी होते. पण विवाहाला सात वर्षे झालेली नसतील, तर कार्यकारी दंडाधिकाऱ्यामार्फत चौकशी आवश्यक ठरते. साक्षीदार स्त्रीला जबाबासाठी ठाण्यात येण्यास भाग पाडता येत नाही, तिच्या राहत्या ठिकाणीच जावे लागते. त्यामुळे कायदाच कथेला ओसरीवर आणि स्वयंपाकघराच्या दाराशी नेतो, जेथे सासू ऐकत उभी असताना सून काय बोलते आणि काय गिळते हे टिपण्याचे काम नायिकेचे असते. व्हिसेरा, म्हणजे शवविच्छेदनात काढलेले अंतर्गत अवयवांचे नमुने, छत्रपती संभाजीनगर किंवा नांदेड येथील न्यायसहायक प्रयोगशाळेत तपासणीसाठी जातो. अहवालाची ही प्रतीक्षा कथानकात ताण निर्माण करण्याचे प्रामाणिक साधन आहे. बीड जिल्ह्यात तर दसऱ्यानंतर ऊसतोड कामगार पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात आणि महत्त्वाचा साक्षीदार पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप हंगाम संपेपर्यंत, गावी परतत नाही.