वसुली एजन्सी (भारत)

बँक, बिगरबँक वित्तसंस्था किंवा क्रेडिट कार्ड देणाऱ्या संस्थेच्या वतीने थकलेले पैसे मागणारी कंत्राटी संस्था. तिच्या माणसाला बोलीभाषेत ‘रिकव्हरीवाला’ म्हणतात. कर्ज एजन्सीचे नसते. वसूल झालेल्या रकमेवर तिला कमिशन मिळते. कर्जाच्या करारात ती पक्षकार नसल्याने कर्जदार तिचे काही देणे लागत नाही, तो धनकोचे, म्हणजे कर्ज देणाऱ्या संस्थेचे, देणे लागतो. कर्ज मालमत्ता पुनर्रचना कंपनीला (थकीत कर्जे विकत घेणाऱ्या कंपनीला) विकले गेले, तर मात्र ती कंपनीच नवी धनको होते आणि स्वतःच्या नावाने कारवाई करू शकते. म्हणून फोन आला की पहिला प्रश्न हाच विचारावा: तुम्ही कोणाच्या वतीने बोलताय, आणि कर्ज आज कोणाच्या नावावर आहे?

काम कसे चालते

हप्ता चुकला की खाते दिवसांच्या हिशेबाने ‘बकेट’मध्ये पडते: १ ते ३० दिवस, ३१ ते ६०, ६१ ते ९०. ९० दिवस उलटले की ते अनुत्पादक, म्हणजे एनपीए ठरते. सुरुवातीला टेलिकॉलर आठवण देतात, पुढे फील्डवरचा माणूस घरी येतो. बकेट जितके जुने, तितके कमिशन साधारणपणे जास्त. महिनाअखेरीला फोन वाढतात ते टार्गेटमुळे, कायद्यात त्या तारखांना काही महत्त्व नाही.

प्रत्येक फोननंतर खात्यावर शेरा पडतो. ‘पाच तारखेला भरतो’ म्हटले की ‘पीटीपी’, म्हणजे भरण्याचा वायदा, अशी नोंद होते. वायदा मोडला की खाते अधिक कडक माणसाकडे जाते. त्यामुळे फोन आटपावा म्हणून तोंडाला येईल ती तारीख देणे अंगाशी येते. जमणार नसेल तर तसे सांगून धनकोला थेट ईमेल केलेला बरा.

एजंटवरची बंधने

वसुलीसाठी गुंड वापरण्यावर सर्वोच्च न्यायालयाने २००७ मध्ये कडक शब्दांत ताशेरे ओढले. त्यानंतर रिझर्व्ह बँकेने २४ एप्रिल २००८ रोजी बँकांसाठी नियम काढले. एजन्सीचा तपशील कर्जदाराला आधी कळवायचा, एजंटकडे ओळखपत्र आणि बँकेचे अधिकारपत्र हवे, तसेच त्याने ठरावीक प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण झालेले असावे, असे त्यात आहे. कर्जदाराची तक्रार प्रलंबित असताना ते प्रकरण एजन्सीकडे पाठवू नये, असेही त्यात म्हटले आहे. तक्रार निव्वळ खोडसाळ असल्याची बँकेची खात्री झाली तर अपवाद. हे कलम फार कमी लोकांना ठाऊक असते.

१२ ऑगस्ट २०२२ च्या परिपत्रकाने थकीत कर्जासाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करणे, धमकावणे, चारचौघांत अपमान करणे, नातेवाईक, मित्र वा संदर्भ म्हणून दिलेल्या व्यक्तींना त्रास देणे आणि खोटी बतावणी करणे यांना मनाई केली. एजंटच्या वागण्याची जबाबदारी बँकेचीच राहते. ‘तो आमचा माणूस नाही’ म्हणून तिला हात झटकता येत नाहीत.

कर्जदारावर काय बंधनकारक आहे

एजंटला फक्त मागता येते. त्याला घरात घेणे, त्याने पुढे केलेल्या कागदावर सही करणे, नातेवाइकांचे नंबर देणे किंवा त्याच्या हातात रोकड ठेवणे यांपैकी काहीच बंधनकारक नाही. पैसे कर्ज खात्यातच भरावेत आणि पावतीवर कर्ज खात्याचा क्रमांक पाहून घ्यावा. रोख घेऊन एजंट गायब झाला की हिशेब जुळवताना कर्जदाराचेच हाल होतात.

देणे मात्र खरेच असते. जामीनदाराची जबाबदारी मूळ कर्जदाराइतकीच असते, त्यामुळे धनको थेट त्यालाही गाठू शकतो. वारसांचे देणे मिळालेल्या मालमत्तेच्या मर्यादेपर्यंतच. वाहन जप्त होऊन लिलावात कमी किंमत आली, तर उरलेली रक्कम शिल्लक राहतेच. ‘गाडी नेली, विषय संपला’ ही समजूत अनेकांना महागात पडली आहे.

निव्वळ कर्ज थकणे हा दिवाणी विषय आहे, त्यासाठी पोलीस अटक करत नाहीत. ‘वॉरंट निघालंय’ हा मेसेज बहुधा भीती घालण्यासाठीच असतो. पण चेक न वटल्यास परक्राम्य संलेख अधिनियमाच्या कलम १३८ खाली फौजदारी खटला होऊ शकतो: चेक परत आल्याचे कळल्यापासून ३० दिवसांत नोटीस, ती मिळाल्यापासून १५ दिवसांत पैसे भरण्याची संधी, आणि तरीही न भरल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुपटीपर्यंत दंड, किंवा दोन्ही. बँकेच्या ऑटो-डेबिटबद्दल २००७ च्या पेमेंट कायद्याच्या कलम २५ मध्ये अशीच तरतूद आहे.

कोणता कागद गंभीर

लोकअदालतीची दावापूर्व नोटीस तडजोडीचे आमंत्रण असते. मात्र तिथे सही केलेल्या तडजोडीला हुकूमनाम्याची ताकद येते. न्यायालयाचे समन्स आणि लवादाची नोटीस यांकडे दुर्लक्ष करू नये. गैरहजेरीत लवादाचा निवाडा झाला तर त्याला आव्हान देण्यास साधारण तीन महिनेच असतात. तारण कर्जात सरफेसी कायद्याच्या (न्यायालयात न जाता तारण ताब्यात घेऊ देणाऱ्या कायद्याच्या) कलम १३(२) ची नोटीस आली की ६० दिवस मिळतात. लेखी हरकत घेतल्यास धनकोने १५ दिवसांत उत्तर द्यायचे असते. पुढे ताबा घेतला तर ४५ दिवसांत कर्जवसुली न्यायाधिकरणाकडे जाता येते. शेतजमिनीला हा कायदा लागू नाही.

विनातारण कर्जाच्या दाव्याची मुदत साधारण तीन वर्षे. ती संपण्याआधी देणे मान्य करणारी सही केली की मुदत नव्याने सुरू होते. ‘एवढा फॉर्म भरून द्या’ असे एजंट म्हणतो तेव्हा हे लक्षात असावे. मुदत संपल्यावरही लेखी, सही केलेले वचन दिले तर ते कराराप्रमाणे अंमलात येऊ शकते.

सेटलमेंटमध्ये, म्हणजे कमी रकमेवर तडजोड करून खाते मिटवताना, फोनवरच्या शब्दाला किंमत नसते. रक्कम, शेवटची तारीख आणि ‘यानंतर काही येणे नाही’ हे वाक्य धनकोच्या पत्रावर आल्यावरच पैसे भरावेत, आणि मग ना-देय दाखला घ्यावा. क्रेडिट अहवालात असे खाते ‘क्लोज्ड’ ऐवजी ‘सेटल्ड’ दिसते आणि पुढची बँक ते वाचते.

एजंटने धमकावले तर तारीख, वेळ, नंबर आणि रेकॉर्डिंग ठेवून आधी धनकोकडे लेखी तक्रार करावी. ३० दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. सहकारी पतसंस्था त्याच्या कक्षेत येत नाहीत. महाराष्ट्रात त्या सहकारी संस्था अधिनियमाच्या कलम १०१ खाली निबंधकाकडून वसुली दाखला मिळवतात, आणि त्याविरुद्ध पुनरीक्षण अर्ज करायचा तर आधी येणे रकमेच्या ५० टक्के भरावे लागतात. म्हणून दाखला निघण्याआधीच्या सुनावणीला हिशेबाचे उतारे घेऊन हजर राहावे.