धातुमंडित सच्छिद्र प्रकाश-उत्प्रेरक

चांदी, सोने, प्लॅटिनम, तांबे अशा धातूंचे नॅनोकण सच्छिद्र घन पदार्थावर बसवून केलेले, प्रकाशाच्या ऊर्जेवर रासायनिक क्रिया घडवणारे उत्प्रेरक. दृश्य प्रकाशात पाण्यातील रंगद्रव्यांचे विघटन करणे हा त्यांचा एक प्रमुख उपयोग.

टायटॅनियम डायऑक्साइडच्या विद्युत-अग्रावर (इलेक्ट्रोडवर) प्रकाश पाडून पाण्याचे विघटन होते, हे अकिरा फुजिशिमा व केनिची होंडा यांनी १९७२ मध्ये प्रसिद्ध केले. हा पदार्थ स्वस्त आणि टिकाऊ आहे. मात्र त्याच्या अ‍ॅनाटेज रूपाचे ऊर्जा-अंतर (इलेक्ट्रॉन उत्तेजित व्हायला लागणारी किमान ऊर्जा) सुमारे ३.२ इलेक्ट्रॉन-व्होल्ट असल्याने ३८७ नॅनोमीटरहून आखूड, म्हणजे अतिनील किरणच त्याला चालतात. जमिनीवर पोचणाऱ्या उन्हात त्यांचा वाटा जेमतेम ५ टक्के.

इथे धातू कामी येतो. चांदीचे नॅनोकण ४०० नॅनोमीटरच्या आसपास, सोन्याचे ५२०च्या आसपास प्रकाश जोरकसपणे शोषतात (पृष्ठीय प्लाझ्मॉन अनुस्पंदन, म्हणजे प्रकाशाच्या तालावर कणातले इलेक्ट्रॉन एकत्र डोलणे). त्यातून उत्तेजित झालेले काही इलेक्ट्रॉन शेजारच्या अर्धसंवाहकात (उदा. टायटॅनियम डायऑक्साइडमध्ये) शिरतात आणि पाण्यात विरघळलेल्या ऑक्सिजनपासून सुपरऑक्साइड हा क्रियाशील आयन तयार होतो. त्यापासून पुढे बनणारे हायड्रॉक्सिल मूलक (अतिशय क्रियाशील कण) रंगद्रव्याचा रेणू तोडतात. ॲझो रंगांत (ज्यांच्या रेणूत दोन नायट्रोजन अणू एकमेकांना जोडलेले असतात) बहुधा हा नायट्रोजन-नायट्रोजन बंध आधी तुटतो, म्हणून रंग लवकर उडतो.

सच्छिद्रतेमुळे रंगाचे रेणू धातुकणांजवळ गोळा होतात, शिवाय कण एकमेकांना चिकटत नाहीत. १९९२ मध्ये मोबिल कंपनीच्या संशोधकांनी जाहीर केलेल्या एमसीएम-४१ या सिलिकाच्या एका ग्रॅमला सुमारे १,००० चौ. मी. पृष्ठभाग असतो. सिलिका स्वतः प्रकाश-उत्प्रेरक नव्हे, ती केवळ आधार. धातू-सेंद्रिय चौकटी, म्हणजे धातूचे आयन सेंद्रिय रेणूंनी जोडून केलेले सच्छिद्र स्फटिक (२०२५ चे रसायनशास्त्राचे नोबेल याच विषयाला मिळाले) मात्र प्रकाशही शोषू शकतात. धातू जास्त झाला तर छिद्रे बुजतात आणि केलेले काम वाया जाते.

चाचणीसाठी मिथिलीन ब्लू (सर्वाधिक शोषण ६६४ नॅनोमीटरला) किंवा रोडामाइन बी (५५४ला) हे रंग वापरतात. त्यातच फसगत आहे. सच्छिद्र पदार्थ अंधारातही रंग शोषून धरतो, म्हणून दिवा लावण्यापूर्वी अधिशोषण (पृष्ठभागावर रंग चिकटणे) समतोलाला येऊ द्यावे लागते. हे रंग स्वतःही दृश्य प्रकाश शोषतात व आपले इलेक्ट्रॉन उत्प्रेरकाला देऊन बसतात, त्यामुळे श्रेय कोणाचे हे कळत नाही. फिनॉलसारख्या रंगहीन पदार्थावर चाचणी घेतली नसेल, एकूण सेंद्रिय कार्बन मोजला नसेल, तर ‘९५ टक्के विघटन’ हा आकडा फारसा मनावर घेऊ नये. रंग गेला तरी तुकडे पाण्यात उरतात, आणि ॲझो रंगांपासून निघणारी काही ॲरोमॅटिक अमाइने मूळ रंगाहून घातक असतात.

चंचुपात्रातले पाणी आणि रंगकामाच्या हौदातले पाणी यांतही अंतर आहे. इचलकरंजीसारख्या वस्त्रोद्योगाच्या गावी सुती कापडावर रिॲक्टिव्ह (धाग्याशी रासायनिक बंध जोडणारे) रंग चढवताना मीठ आणि सोडा भरपूर लागतो. सोड्यातले कार्बोनेट हायड्रॉक्सिल मूलके खाऊन टाकते. मिठातल्या क्लोराइडमुळे सुट्या झालेल्या चांदीच्या आयनांचे सिल्व्हर क्लोराइड होते आणि मुळात बसवलेला धातू हळूहळू झिजत जातो.